जळगावातलं सायकलचं दुकान आणि आमची फिक्सीवाली मंडळी

चाक_आणि_चेन (जळगाव)

नमस्कार मंडळी,

जळगावात माझं सायकलचं दुकान आहे. वडिलांच्या काळात तासावर सायकली भाड्याने जायच्या. आता विक्री, दुरुस्ती आणि मागणीप्रमाणे बांधणी. पावसाळ्यातल्या एका धाग्यावर मी फिक्सीचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हापासून बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं की ही नेमकी काय भानगड आहे, आपल्या खान्देशात ती चालते का आणि दुकानदाराच्या पदरात त्यातून काय पडतं. एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो.

आपल्या नेहमीच्या सायकलीला मागे फ्रीव्हील असतं. पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं आणि ती 'टिकटिकटिक' ऐकू येते. फिक्सीत फ्रीव्हील नसतं. मागचा कॉग (छोटं दातेरी चक्र) हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, थेट आवळलेला असतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावरही पाय थांबत नाहीत. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर द्यायचा. हा प्रकार नवा नाही, गिअरच्या आधीच्या काळातला आहे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती 1937 साली. त्याआधी घाटाच्या पायथ्याशी स्वार खाली उतरून चाक उलटं करून बसवायचे, कारण हबच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दातांचे कॉग असायचे. ट्रॅकवरच्या शर्यती आजही फिक्स्ड गिअरवरच होतात. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोच्या टपाल पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ही सायकल रस्त्यावर लोकप्रिय केली. देखभाल कमी, मोडायला फारसं काही नाही, हे त्यांच्या कामाला सोयीचं होतं.

जळगावात ही मंडळी मला पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून भेटली. इंजिनिअरिंगची काही मुलं, बँकेतले एक साहेब, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक मॅडम. पहाटे मेहरूण तलावावर जमायचे, तिथून शिरसोली रोडने गांधी तीर्थाच्या पुढपर्यंत जाऊन परत. कोणाची चेन सैल, कोणाचं चाक एका बाजूला ओढतंय, अशा तक्रारी घेऊन दुकानात यायचे. मी दुरुस्त करून द्यायचो, पण ते नेमकं कशाबद्दल बोलताहेत हे मला हातांनी कळायचं, पायांनी कळायचं नाही. म्हणून स्वतःसाठी एक बांधली आणि त्यांच्यात जायला लागलो.

त्या मंडळींत दुकानदार म्हणून कोणी गेलं तर गप्पा लगेच भावावर येतात. स्वार म्हणून गेलं की माणसं वेगळं बोलतात. फिक्सीवर चेन थोडी जरी सैल असली तरी पुढचा जोर संपून मागचा जोर सुरू होताना तळपायाला एक झटका बसतो. दुकानातल्या स्टँडवर चाक फिरवून तो झटका कधीच कळत नाही. आता कोणी 'काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय' म्हणालं की मी आधी चेन बघतो. चेनव्हील (पायडलजवळचं मोठं दातेरी चक्र) आणि कॉगच्या मधोमध बोटाने दाबून साधारण 1 सेंमी खेळ हवा. तोही एकाच जागी बघून चालत नाही. चेनव्हील पूर्ण गोल नसतं, म्हणून पायडल हळूहळू फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि त्या जागेवर खेळ मोजायचा.

आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरची, म्हणजे जुन्या साध्या सायकलीची फ्रेम या कामाला उत्तम. मागचा आस सरकवायची खाच आडवी असते, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते. चेनही तीच, अर्धा बाय एक अष्टमांश इंचाची. अडचण येते चाकात. जुन्या रोडस्टरच्या मागच्या चाकाला 40 तारा, पुढच्याला 32, आणि बाजारात मिळणारा फिक्सीचा हब बहुधा 36 छिद्रांचा. म्हणजे रिम बदलणं आलं. आम्ही 700-सी रिम घालतो. तिचा टायर बसायचा व्यास 622 मिमी, जुन्या 28 बाय दीड इंचीचा 635. त्रिज्येत साडेसहा मिमीचा फरक पडतो, दांडीचे ब्रेक निरुपयोगी होतात आणि लांब हाताचा कॅलिपर, म्हणजे केबलने रिम दाबणारा ब्रेक, लावावा लागतो.

आता मुद्द्याचं. माझ्या दुकानातून पुढच्या ब्रेकशिवाय फिक्सी बाहेर पडत नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. यावर आमच्याच मंडळींत वाद झालेत, इथेही होतील. जरूर घाला.

मेहरूण_पहाट

दादा, अखेर लिहिलंत! मी त्या 'इंजिनिअरिंगच्या मुलां'पैकी एक.

नवीन लोकांसाठी थोडी भर. आमच्यात यायला फिक्सी असलीच पाहिजे असं नाही. गिअरवाल्या, साध्या, लेडीज, सगळ्या सायकली येतात. सगळ्यात मागचा माणूस दिसेनासा झाला की पुढचे थांबतात, हा एकच नियम. काव्यरत्नावली चौकात परत आलो की चहा. तिथेच मला पाय खाली न टेकवता जागच्या जागी उभं राहणं शिकवलं: पुढचं चाक जरा तिरकं, पायडल आडवी, आणि पायांनी इंचभर पुढे, इंचभर मागे. मागे जाता येतं हे फिक्सीचंच वैशिष्ट्य. सिग्नलला तसं उभं राहिलं की रिक्षावाले काका थांबून बघतात.

पहिल्या दिवशीचा अनुभव मात्र सगळ्यांचा सारखाच असतो. सवयीने पाय थांबवायला जातो आणि सायकल खालून पाय उचलून फेकते. म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, पायडलला पायाचे पट्टे न बांधता. दादा कोणालाही थेट रस्त्यावर सोडत नाहीत.

लळिंगचा_वारा (धुळे)

भाऊ, एक नंबर लिखं. आमना धुयामा बी दोन-चार पोरे फिक्सीवर फिरतस.

दोन प्रश्न. एक, दात किती घ्यावेत? आमच्याकडे साक्रीच्या अंगाला गेलं की पश्चिमेचा वारा छातीवर येतो. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. दुसरा प्रश्न महामार्गावरच्या लळिंग घाटाच्या उताराचा. तिथे काय करता?

चाक_आणि_चेन

@लळिंगचा_वारा, आपल्या सपाटीला आणि वाऱ्याला मी पुढे 44 आणि मागे 17 दात सुचवतो. हिशेब बघा: 44 भागिले 17 म्हणजे 2.59. 700 बाय 28 च्या टायरचा घेर साधारण 2.14 मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते, आणि मिनिटाला 80 फेरे मारले तर ताशी साडेसव्वीस किमीच्या आसपास. समोरून वारा असेल तर फेरे 65 वर येतील, पण गुडघे दुखणार नाहीत. 48-16 घेणारी मुलं भेटतात. सपाटीवर मजा येते, वाऱ्यात गुडघ्याला हात लावून बसतात.

48-16 मध्ये आणखी एक गोची आहे. 48 ला 16 ने बरोबर भाग जातो. पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचे नेमके तीन फेरे. त्यामुळे मागचं चाक लॉक करून घसरवत थांबवलं की दर वेळी टायरचा तोच भाग घासतो, आणि थोड्याच दिवसांत तिथे आतलं कापड दिसायला लागतं. 44-17 मध्ये सामाईक भाजक नाही, म्हणून घासायच्या जागा 17 होतात आणि टायर सगळीकडून सारखा झिजतो. 17 ही मूळ संख्या, म्हणून पुढचे दात 44, 46, 48 काहीही घ्या.

लळिंगचं उत्तर याच आकड्यांत आहे. उतारावर ताशी 45 किमीचा वेग सहज येतो. 44-17 ला तेव्हा पायांना मिनिटाला 135 फेरे मारावे लागतात. सराव नसलेल्या माणसाचे पाय तिथे पायडलवरून उडतात, आणि पाय उडाले की ब्रेकही गेला, कारण पायच ब्रेक होते. महामार्गावर मागे ट्रक असतात. वेग वाढायच्या आधी, घाटमाथ्यावरच पुढचा ब्रेक हलका धरायचा आणि संपूर्ण उतार तसाच उतरायचा. सुरुवातीला तर लळिंगला फिक्सी नेऊच नका, नकाणे तलावाकडचा रस्ता घ्या.

फक्त_फिक्सी

ब्रेकच्या मुद्द्यावर असहमत. मी पुण्यात राहतो, मूळचा भुसावळचा. बराच काळ विनाब्रेक चालवतोय. ब्रेक लावला की माणूस त्याच्यावर अवलंबून राहतो आणि पायांनी वाचायला शिकतच नाही. विनाब्रेक चालवणारा चार गाड्या पुढचं बघतो, कारण त्याला बघावंच लागतं. शिवाय ट्रॅकवर कोणाच्याच सायकलीला ब्रेक नसतात. त्या सायकलीचं जे स्वच्छ रूप आहे, त्यात केबल आली की ते गेलं. दुकानदाराने गिऱ्हाइकाला जोखीम समजावून सांगावी, निर्णय त्याला घेऊ द्यावा.

पुण्यातला_खान्देशी

@फक्त_फिक्सी, ट्रॅकचा दाखला रस्त्याला लागू होत नाही. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर) मी बसून बघितलंय. सगळे एकाच दिशेने जातात, कोणी आडवं येत नाही. तिथे ब्रेकच धोक्याचा, कारण पुढच्याने अचानक दाबला की मागचे चौघे त्याच्यावर. जपानमध्ये 1948 पासून केरिन या ट्रॅकवरच्या शर्यती होतात. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्येही आहे. ते स्वार विनाब्रेक पळतात ते बंद ट्रॅकवर. आपल्याकडच्या मुलांनी 2019 साली ज्युनिअर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण आणलं, तेही ट्रॅकवर. जळगावच्या अजिंठा चौफुलीला ट्रॅक नाही. तिथे उसाची ट्रॉली आहे, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल आहे, रस्ता ओलांडणारी शाळेची मुलं आहेत.

ब्रिटनचा 1983 चा नियम बघा. फिक्स्ड चाकाला ते मागचा ब्रेक धरतात, पण पुढचा ब्रेक असलाच पाहिजे. 2016 मध्ये लंडनला पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक बाई गेली. चालवणाऱ्याला पुढच्या वर्षी तुरुंगवास झाला. जोखीम फक्त चालवणाऱ्याची असती तर तुमचा 'निर्णय त्याचा' हा मुद्दा मी मान्य केला असता.

चाक_आणि_चेन

@फक्त_फिक्सी, पायांनी वाचायला शिकण्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, आणि ते फार छान मांडलंत. आमच्या मंडळींत सगळे आधी पायांनीच वेग आवरतात. पण थांबण्याचं गणित कौशल्याचं नाही, वजनाचं आहे. जोरात थांबताना अंगाचा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचं चाक हलकं होतं. हलकं झालेलं चाक रस्ता धरत नाही, घसरतं. कितीही मजबूत मांड्या असल्या तरी मागच्या चाकाने पुढच्या ब्रेकइतक्या अंतरात थांबता येत नाही. आपल्याकडे रस्त्यावर वाळू, पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा चिखल, बाजाराच्या दिवशी सांडलेला केळीचा पाला. यावर मागचं चाक आणखी लवकर सुटतं.

रूपाची गोष्ट मलाही पटते. म्हणून केबल छोटी, हँडलच्या मधोमध लहान लिव्हर, काळा कॅलिपर. चार पावलांवरून दिसतही नाही. बांधून देतो मी, म्हणून जबाबदारीही माझीच.

फक्त_फिक्सी

वजनाचा मुद्दा मान्य. सध्या तरी मी माझ्या मतावर आहे, पण त्या छोट्या लिव्हरचा फोटो टाका.

अमळनेरची_माई

मी सायकलीतली जाणकार नाही, पण हा धागा वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहिते. माझा मुलगा अकरावीत आहे. त्याने त्याच्या जुन्या सायकलीचं फ्रीव्हील फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करून 'फिक्स' करून आणलंय. मागचा ब्रेक काढून टाकला, पुढचा होता तो आधीच मोडका. म्हणतो, यूट्यूबवर असंच करतात. हे चालतं का?

चाक_आणि_चेन

माई, ती सायकल आजपासून बाजूला ठेवायला सांगा. रागावू नका, कारण त्याला वाटलेली ओढ चांगली आहे, फक्त पद्धत धोक्याची आहे. त्याला हा प्रतिसाद वाचायला द्या, मी त्याच्यासाठीच नीट लिहितो.

दोस्ता, फ्रीव्हील हबवर नेहमीच्या उजव्या आट्यांनी (उजवीकडे फिरवून आवळायच्या) बसतं. तू पुढे पायडल मारतोस तेव्हा ते आणखी घट्ट होतं, म्हणून साध्या सायकलीला ते कधी सुटत नाही. वेल्डिंग केल्यावर तू पायांनी वेग आवरतोस, म्हणजे उलटा जोर देतोस. तो जोर थेट त्या आट्यांवर येतो आणि फ्रीव्हील हबवरून उलगडायला लागतं. नेमकं कधी? तू सगळ्यात जोरात थांबायला जाशील तेव्हा. पाय मागे फिरतील, चाक पुढे पळत राहील, आणि तुझ्याकडे ब्रेक नाही. चेन उतरून तारांत अडकली तर चाक जागीच बसेल.

खऱ्या फिक्सी हबला दोन आटे असतात, एकापुढे एक. आतला मोठा, 1.37 इंचाचा उजवा आटा, त्यावर कॉग. त्याच्या बाहेर जरा लहान, 1.29 इंचाचा डावा आटा, त्यावर लॉक-रिंग. कॉग उलटा सुटायला लागला की तो लॉक-रिंगला दाबतो, आणि तिचे आटे डावे असल्याने ती त्याच दिशेला आवळली जाते. सगळी सुरक्षितता या एका उलट्या आट्यात आहे. साध्या हबला तो बाहेरचा आटाच नसतो. काहीजण साध्या हबवर फिक्स कॉग चढवून वर बॉटमची (पायडलच्या आसाजवळची) रिंग आवळतात, कारण आटा जुळतो. पण ती रिंगही उजव्या आट्याचीच, कॉगबरोबर तीही सुटते. परदेशात त्याला सुइसाइड हब म्हणतात.

आम्ही कसं बसवतो ते सांगतो. हबचे आटे रॉकेलने साफ करून ग्रीसचा पातळ हात. कॉग हाताने फिरवत न्यायचा. तिरका चढला तर लगेच परत काढायचा, जोर करायचा नाही. मग चेनचा तुकडा लावलेल्या पान्ह्याने अंगाचा भार टाकून आवळायचा. त्यावर लॉक-रिंग, हुकासारख्या आकड्याच्या पान्ह्याने, उलट्या दिशेने. मग सायकल चढावर थोडी चालवायची, कारण पायांचा जोर कॉगला पान्ह्यापेक्षा आणखी आत बसवतो. परत आल्यावर लॉक-रिंग पुन्हा एकदा आवळायची. हे दुसरं आवळणं सोडलं की काम अर्धवट.

आणखी एक, हे सगळ्यांसाठीच. फिक्सीचं चाक फिरत असताना चेनला कापड किंवा बोट लावायचं नाही. साध्या सायकलीत बोट अडकलं तर पायडल थांबतं. इथे चाकाचा पूर्ण वेग चेनमध्ये असतो आणि बोट तुटेपर्यंत ती थांबत नाही. माझ्या दुकानातल्या पोराला पहिली शिकवण हीच. बुटांच्या नाड्या आत, पँट दुमडलेली, ओढणी बांधलेली.

माई, मुलाला घेऊन एखाद्या रविवारी या. जुनी फ्रेम चांगली असेल तर तीच वापरू. नाही जमलं तर आत्ता फक्त नवीन फ्रीव्हील आणि दोन्ही ब्रेक बसवून घ्या, कोणीही चांगला कारागीर तासाभरात करेल.

अमळनेरची_माई

वाचून दाखवलं. आधी तोंड पाडलं, मग तो डाव्या आट्याचा भाग दोनदा वाचला. आता म्हणतो दुकान बघायला जायचंय. येतो आम्ही, दादा.

शहाद्याचा_पान्हा

मीही दुकानदार, म्हणून धंद्याच्या बाजूने विचारतो. भाऊ, फिक्सीवर दुकान चालतं का?

चाक_आणि_चेन

नाही. स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणी उगाच माल भरून ठेवणार नाही. दुकान चालतं ते जूनमधल्या शाळेच्या सायकलींवर, दिवाळीत लहान मुलांच्या गाड्यांवर आणि वर्षभराच्या पंक्चरवर. पावसाळा संपला की सराटे वाळतात, मग टायरमधून ते वेचण्यातच सकाळ जाते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की उन्हात उभ्या सायकलींचे जुने पॅच सुटतात. सरकारच्या मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यांची दुरुस्ती हे तर मोठं काम. गावातली मुलगी चार-पाच किमीवरून त्याच सायकलीने शाळेत येते, ती बंद पडली की तिची शाळा बुडते. म्हणून ते काम मी फिक्सीच्या आधी घेतो, कितीही मंडळी ताटकळली तरी.

फिक्सीतून मिळालं ते वेगळं. चाक विणायचं काम पूर्वी आम्ही 'चालतंय ना' एवढ्यावर सोडायचो. फिक्सीला चाकाचा आउट (डुलणं) जरा जरी राहिला तरी चेनलाइन (चेनची सरळ रेघ) आणि ताण दोन्ही बिघडतात, म्हणून तारा एकसारख्या ताणून, छेडून, आवाज जुळवून विणायला लागलो. आता शाळेच्या सायकलीचं चाकही तसंच विणलं जातं. आणि मंडळींमुळे गिअरच्या सायकलींची कामं आली. ते एकमेकांना सांगतात, दुकानाची पाटी एवढं सांगत नाही.

मालाचं म्हणाल तर कॉग, लॉक-रिंग, हब प्रत्येकी थोडेच ठेवतो, बाकी मागणीप्रमाणे. साध्या सायकलीचा माल लुधियानाहून येतोच. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकली आणि सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचा गिऱ्हाइकाला थेट फायदा दिला तर ते लक्षात ठेवतं.

साठीतला_स्वार (चाळीसगाव)

फार दिवसांनी काहीतरी हातातलं वाचलं. माझ्याकडे वडिलांची ॲटलस सायकल आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका सायकल दिनाला बंद झाला, तेव्हापासून ती विकायची नाही असं ठरवलं. माळ्यावर धूळ खात पडली आहे. नातू पाटणादेवीपर्यंत सायकलने जाऊन येतो, त्याला फिक्सीचं वेड आहे. वडिलांच्या फ्रेमवर त्याची सायकल होईल का? रंग काढून नवा मारून पाठवू?

चाक_आणि_चेन

काका, होईल, आणि उत्तम होईल. रंग मात्र अजिबात काढू नका, मारूही नका. जुन्या रंगावरची बारीक रेघ तडा दाखवते, नवा रंग ती झाकून टाकतो. ओल्या फडक्याने पुसा आणि तीन जागा उजेडात बघा: बॉटमच्या आजूबाजूचे जोड, चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) मान, आणि मागचा आस बसतो त्या खाचा. गंज वरवरचा असेल तर चिंता नाही, बोटाने दाबून पत्रा आत जात असेल तर ती फ्रेम भिंतीवर लावू, नातवाला देणार नाही.

क्रँक (पायडलचा दांडा) कॉटरचा, म्हणजे खुंटीने आवळायचा असेल. फिक्सीत जोर पुढून आणि मागून दोन्हीकडून येतो, त्यामुळे सैल कॉटर लगेच ठकठक करते. आम्ही नवीन कॉटर कानस मारून बसवून देऊ.

आणि एक माप कळवा: मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर, मिमीमध्ये. आमचा हब 120 मिमीचा आहे. फ्रेम लोखंडी असल्याने थोडं कमी भरलं तरी उघडता येते, पण किती ते आधी माहीत हवं. ब्रेकच्या दांड्या फेकू नका, सोबत पाठवा.

साठीतला_स्वार

आत्ताच माळ्यावरून खाली काढली. पट्टीने मोजलं, 112 भरतंय. खाचा साबूत आहेत, चिमट्याच्या मानेवर एक रेघ दिसते, ओरखडा आहे की तडा समजत नाही. फोटो टाकतो.

चाक_आणि_चेन

112 जमेल. फोटो टाकाच, पण रेघेवर नख आडवं फिरवून बघा, अडकतं का ते लिहा. अडकत असेल तर चिमटा नवीन घालू, फ्रेम वडिलांचीच राहील.